कुंपणांतील दार

“आजोबा, ह्याला संस्कृतांत काय म्हणतात?” असा प्रश्न माझ्या आठ वर्षांच्या नातीनें गेल्या आषाढांत मला केला, आणि पस्तीस वर्षें मुलांकडून शब्दरूपें घोकवून घेतलेला मी अगदीं निरुत्तर झालों. समोर गवतांत एक प्राणी चरत होता. डुकरासारखा बैठा, अस्वलाच्या पिलासारखा केंसाळ, आणि चेहऱ्यानें सशासारखा भोळा. पण ह्या तिघांपैकीं कोणाचाच तो नातलग नव्हे. अमरकोश पाठ असलेल्या माणसालाहि त्याचें नांव सांगतां आलें नसतें, कारण अमरसिंहाला हा प्राणी ठाऊक असण्याचा संभवच नव्हता. तेव्हां नातीच्या समाधानासाठीं मीं ‘बिलेशय’ असा शब्द दिला. बिळांत निजतो तो बिलेशय. सुश्रुतानें ह्या नांवाचा एक स्वतंत्र वर्गच केला असून त्यांत साळिंदर, घोरपड इत्यादिकांची गणना केली आहे. नात खूष झाली. ती सारी वर्गवारी खाण्याच्या मांसाचे गुणदोष सांगण्यासाठीं आहे, ही गोष्ट मात्र मीं तिला सांगितली नाहीं. त्या रात्रीं साळिंदराचें नांव तोंडून गेल्यामुळें मला बराच वेळ झोप आली नाहीं. त्याचें कारण पुढें येईल.

मी कोंकणांतील एका खेड्यांत संस्कृताचा मास्तर होतों. जुन्या अकरावीची मॅट्रिक आणि पाठशाळेंतील काव्य-व्याकरण, एवढेंच माझें शिक्षण. प्राणिशास्त्राशीं माझा संबंध पंचतंत्रापुरता. थोरली कन्या सिडनी शहरीं असते. तिच्या दुसऱ्या बाळंतपणासाठीं आम्ही उभयतां माघांत तिकडे गेलों. फाल्गुनांत नातू झाला, आणि तो चार महिन्यांचा झाल्यावर जावयांनीं सर्वांना दोन दिवस हवापालटास नेलें. सिडनीच्या दक्षिणेस, मोटारीनें दोन-अडीच तासांच्या वाटेवर, कांगारू व्हॅली नांवाची एक रम्य दरी आहे. तेथील एका वृद्ध शेतकऱ्याच्या घरीं आम्ही उतरलों. आपल्याकडे आषाढ म्हणजे कोसळणारा पाऊस. तिकडे तो ऐन हिवाळा. उन्हाळ्यांत हा वॉम्बॅट सहसा अंधार पडल्याशिवाय बिळाबाहेर येत नाहीं. थंडीच्या दिवसांत मात्र सूर्य मावळण्यापूर्वींच चरावयास निघतो. म्हणून ह्या निशाचराचें दर्शन आम्हांस भर उजेडीं घडलें. निशाचर हा शब्द आपण राक्षसांसाठीं राखून ठेवला आहे. पण इतका सौम्य निशाचर मीं दुसरा पाहिला नाहीं.

वॉम्बॅट लांबीला सुमारें हातभराचा दुप्पट, म्हणजे मीटरभर असतो. वजन वीस ते पस्तीस किलो. पाय आंखूड, डोकें रुंद, शेंपूट जवळजवळ नाहींच. गवत, मुळें आणि झाडांच्या साली ह्यांवर त्याचा निर्वाह चालतो. असें कठीण अन्न जन्मभर चावून दांत झिजावयाचे. म्हणून निसर्गानें त्याचे दांत आजन्म वाढत राहतील अशी सोय केली आहे. चालतांना तो सुस्त वाटतो, पण भ्याला म्हणजे थोड्या अंतरापुरता तासाला चाळीस किलोमीटरच्या वेगानें धांवतो, आणि बिळांत शिरून पार्श्वभागानें तोंड बंद करून बसतो. त्याच्या पाठीमागचा भाग जाड कातडीचा आणि कूर्चेचा बनलेला, ढालीसारखा कठीण असतो. शत्रूस पाठ दाखवणें हा क्षात्रधर्माला कलंक असें मीं वर्गांत अनेकदां सांगितलें असेल. पण ह्या बिचाऱ्याचें सारें क्षात्र पाठींतच सांठवलेलें आहे.

कांगारूप्रमाणें वॉम्बॅटच्या मादीलाहि पोटाशीं पिशवी असते. परंतु तिचें तोंड मागच्या बाजूस उघडतें. माती उकरणाऱ्या आईची पिशवी पुढें उघडली तर बाळावर मातीचा ढीग पडेल. एका वेळीं एकच पिलूं. तें जन्मतः घेवड्याच्या दाण्याएवढें असतें, सहा ते नऊ महिने पिशवींत वाढतें आणि बाहेर आल्यावरहि कित्येक महिने आईच्या मागें मागें हिंडतें. कन्येनें तान्ह्या नातवाला छातीशीं कापडी झोळींत बांधलें होतें. तिकडे बोट दाखवून आमची सौभाग्यवती म्हणाली, “आपल्या मुलीनेंहि ह्यांचीच रीत उचलली आहे.”

ह्या प्राण्याची आणखी एक करामत आहे. वाचकभगिनींनीं नाक मुरडूं नये. ज्या संस्कृतींत अंगण शेणानें सारवल्यावांचून सण होत नाहीं, तिला हा विषय वर्ज्य नाहीं. वॉम्बॅटच्या लेंड्या गोल नसून चौकोनी, फांशांसारख्या घनाकृति असतात. रात्रींतून ऐंशी-शंभर लेंड्या टाकून तो दगडांवर, ओंडक्यांवर आपल्या हद्दीच्या खुणा करतो. त्याच्या आंतड्याची भिंत सर्वत्र सारखी ताणत नाहीं, आणि अन्न फार दिवस आंत राहून शेवटच्या भागांत कोरडें पडतें. त्यामुळें हा आकार येतो, असें अमेरिकेंतील आणि टास्मानियांतील संशोधकांनीं दाखवलें. त्यांना २०१९ सालीं ‘इग् नोबेल’ नांवाचें पारितोषिक मिळालें. प्रथम हंसवणाऱ्या आणि मग विचार करावयास लावणाऱ्या संशोधनाला तें देतात. शेतावर पसरलेले ते फांसे पाहून मला दोन्ही गोष्टी क्रमानें झाल्या.

वॉम्बॅट हें नांव सिडनीच्या परिसरांतील मूळच्या धारुग लोकांचें. बाहेरच्या जगाला ह्या प्राण्याची ओळख कशी पटली, ह्याच्या कथेंत आपल्या देशाचाहि एक धागा आहे. १७९६ सालीं कलकत्त्याहून ‘सिडनी कोव्ह’ नांवाचें जहाज माल भरून निघालें. त्यावरील बहुतेक खलाशी आपल्याकडचे होते. १७९७ च्या फेब्रुवारींत तें जहाज टास्मानियाच्या उत्तरेस बासच्या सामुद्रधुनींतील एका लहान बेटावर फुटलें. त्यांतील माणसें आणि माल सोडवून आणण्यासाठीं सिडनीहून जे गेले, त्यांना तेथील बेटांवर वॉम्बॅट आढळले. एक जिवंत वॉम्बॅट सिडनीस आणला गेला, तो थोड्याच आठवड्यांत मेला, आणि गव्हर्नर हंटर ह्यांनीं त्याचें प्रेत मद्यार्कांत बुडवून इंग्लंडांत न्यूकॅसल येथील विद्वानांच्या मंडळाकडे पाठवलें. ओळखीचा आरंभ असा झाला. पुढें शिकारी आणि वसाहतवाले त्या बेटांवर गेले, आणि आज त्या बेटांवरच्या मूळच्या जातीचे वॉम्बॅट त्यांपैकीं एकट्या फ्लिंडर्स बेटावर उरले आहेत.

मुख्य भूमीवर त्यांचा अपराध निराळा ठरला. गोऱ्या वसाहतवाल्यांनीं बरोबर आणलेले ससे माजून शेतें फस्त करूं लागले, तेव्हां शेतकऱ्यांनीं मैलोगणती जाळीचीं कुंपणें घातलीं. वॉम्बॅटला कुंपण कळत नाहीं. त्याच्या रोजच्या वाटेवर जाळी आली तर तो तिच्याखालून माती उकरतो आणि पलीकडे जातो. त्यानें पाडलेल्या भगदाडांतून ससे आंत आणि मेंढरांच्या मागें कुत्रे आंत. ससे आणणारा मनुष्य साव राहिला आणि भोंक पाडणारा वॉम्बॅट चोर ठरला. १९०६ सालीं व्हिक्टोरिया प्रांतांत त्याला कायद्यानें उपद्रवी ठरवण्यांत आलें, आणि १९२५ सालीं त्याला मारण्याबद्दल बक्षीस सुरू झालें. ह्या प्रांताच्या पूर्व भागांत त्याला संरक्षण नव्हतें. तें २०२० सालीं मिळालें. परवाना काढून मारण्याची मुभा अद्यापि आहे.

आमच्या यजमानांचें घराणें मूळचें त्याच व्हिक्टोरियांतलें. सत्तरी उलटलेला तो ताठ मनुष्य. त्याचे इंग्रजी उच्चार मला कळत नसत, म्हणून कन्या मध्यें बसून अर्थ सांगे. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यानें आम्हांस आपल्या शेताचें कुंपण दाखवलें. जाळीच्या खालच्या कडेस एके ठिकाणीं लांकडी चौकट बसवलेली होती आणि तींत वरून टांगलेली एक जड फळी झुलत होती. ती पुढें ढकलली तर पुढें जाई, मागून ढकलली तर मागें येई, आणि सोडली कीं आपल्या वजनानें बंद होई.

“हें काय?” मीं विचारलें.

“वॉम्बॅटचें दार,” कन्येनें सांगितलें.

म्हाताऱ्यानें युक्ति समजावून दिली. वॉम्बॅटनें जेथें भगदाड पाडलें असेल, अगदीं त्याच जागीं चौकट बसवावयाची. दोन हात इकडे नाहीं कीं दोन हात तिकडे नाहीं. पहिले कांहीं दिवस फळी वर बांधून वाट मोकळी ठेवावयाची. त्याची खात्री पटली म्हणजे फळी खालीं सोडावयाची. मग तो डोक्यानें ती ढकलून सुखानें ये-जा करतो. सशाला ती ढकलण्याचें बळ नाहीं. कोल्ह्याकुत्र्याला तसें डोकें घालून ढकलण्याची संवय नाहीं. “माझ्या आजोबांनीं वॉम्बॅट मारून बक्षिसें घेतलीं, आणि जन्मभर कुंपणें सांधलीं,” म्हातारा म्हणाला. “मीं दार बसवलें. तेव्हांपासून ह्या जागीं सांधण्याचें काम पडलेलें नाहीं.”

हें ऐकतांना मला आमच्या घरांतील आतेआजींची आठवण झाली. अठरा माणसांच्या त्या एकत्र कुटुंबांत त्यांचा जमाखर्चांत कोठेंच उपयोग नव्हता. बालपणींच विधवा होऊन माहेरीं आलेल्या, स्वभावानें तुटक, आणि पहाटे तीन वाजतां विहिरीवर स्नानास जाण्याचा त्यांचा नेम. मागच्या दाराची कडी काढतांना आवाज होई, घर जागें होई, आणि धाकट्या काकू कुरकुरत. आजोबांनीं त्यांना कधीं वेळ बदलावयास सांगितली नाहीं. त्यांनीं एके दिवशीं सुतार बोलावून त्यांच्या खोलीच्या भिंतींत विहिरीकडे उघडणारें एक लहान दार पाडून घेतलें. घरांत पुन्हां त्या विषयावर शब्द निघाला नाहीं. कांहीं जिवांची वाट बदलतां येत नाहीं. त्या वाटेवर दार ठेवतां येतें. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसाला एवढी गोष्ट सांगावी लागूं नये.

यजमानांच्या शेताच्या टोंकाला, ओढ्याकांठच्या एका बिळाच्या तोंडाशीं दुसरें एक दार होतें. तें मात्र पाहून मन उदास झालें. तारेच्या चौकटींत प्लास्टिकचा पडदा टांगलेला, आणि त्याच्या वरच्या कडेला एक लहान टोपण. वॉम्बॅट पडदा ढकलून बाहेर पडला कीं टोपण उपडें होतें आणि त्यांतील औषध त्याच्या पाठीवर सांडतें. हें औषध खरजेवर. माणसाला, कुत्र्याला ज्या किड्यामुळें खरूज होते, तोच किडा गोऱ्या लोकांबरोबर आणि त्यांच्या जनावरांबरोबर त्या देशांत शिरला. बीळ थंड आणि दमट. तेथें किडा जगून राहतो, आणि आळीपाळीनें एकाच बिळांत निजणारे वॉम्बॅट एकमेकांस तो देतात. मग अंगावर खपल्यांचे थर चढतात, कातडी फाटते, डोळे व कान बंद होतात, आणि निशाचर प्राणी भर दुपारीं भ्रमिष्टासारखा हिंडूं लागतो. उपचार न झाल्यास मृत्यु ठरलेला. टास्मानियांतील नरावंतपू राष्ट्रीय उद्यानांत २०१० नंतरच्या सातच वर्षांत ह्या रोगानें शेंकडा नव्वदांहून अधिक वॉम्बॅट मेले. औषध एकदां देऊन भागत नाहीं. आठवड्यामागून आठवडे टोपण पुन्हां भरावें लागतें. तें काम आसपासचे लोक विनामूल्य करतात. त्यांत शाळामास्तर आहेत, परिचारिका आहेत, आणि आमचा हा म्हाताराहि आहे.

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल कीं कुंपण हाच सर्व अनर्थाचा मूळ. तसें नाहीं, आणि म्हणूनच हा विषय मला विचार करण्याजोगा वाटला. वॉम्बॅटच्या तीन जाति आहेत. आम्हीं पाहिला तो उघड्या नाकाचा. दुसरा दक्षिणेकडील केंसाळ नाकाचा. दक्षिण ऑस्ट्रेलिया प्रांतानें त्याला आपलें प्राणिचिन्ह केलें आहे. तिसरा उत्तरेकडील केंसाळ नाकाचा, आणि तो जगांतील अत्यंत दुर्मिळ सस्तन प्राण्यांपैकीं एक आहे. गाई-मेंढरांनीं गवत खाल्लें, ससे आले, दुष्काळ पडले. आणि १९८० च्या सुमारास क्वीन्सलंड प्रांतांतील एपिंग फॉरेस्ट ह्या एकाच जागीं त्याचे अवघे पस्तीसेक जीव उरले. आपल्याकडील एखाद्या मोठ्या घरच्या मुंजीच्या पंगतीला ह्याहून अधिक पानें असतात. ती जागा १९७१ सालींच राखीव झाली होती. पण गुरें तींत चरतच होतीं. १९८२ सालीं कुंपण घालून गुरें बाहेर काढलीं, तेव्हां गवत वाढलें आणि संख्या हळूहळू चढूं लागली. पुढें २००० च्या सुमारास डिंगो नांवाचे रानकुत्रे आंत शिरले व त्यांनीं दहाएक वॉम्बॅट मारले. मग २००२ सालीं वीस किलोमीटर लांबीचें पक्कें कुंपण उभें राहिलें.

येथें तेंच कुंपण तारक झालें. कुंपणाला स्वतःचा पाप-पुण्याचा गुण नाहीं. कोणाला बाहेर ठेवावयाचें आणि कोणाला वाट द्यावयाची, हें ठरवणाऱ्याची बुद्धि त्यांत उतरते. ह्या प्राण्यांची शिरगणतीहि मोठ्या नाजुकपणानें करतात. पकडावयाचें नाहीं, भिववावयाचें नाहीं. बिळाच्या तोंडाशीं चिकट फीत ताणून ठेवावयाची. येतां-जातां तिला केंस चिकटतात, आणि त्या केंसांवरून प्रयोगशाळेंत एकेक प्राणी निराळा ओळखतां येतो. सर्व अंडीं एकाच टोपलींत असल्याप्रमाणें सारी जात एकाच वनांत असणें धोक्याचें. एक वणवा किंवा एक रोगाची सांथ पुरे. म्हणून २००९ सालीं सेंट जॉर्ज गांवाजवळ दुसरी वसाहत केली, आणि २०२४ सालीं पॉवरना येथील वनांत तिसरी. पस्तिसांचे आज तीनशेंहून अधिक झाले आहेत. चाळीस वर्षांत एवढीच वाढ! पण एका वेळीं एकच पिलूं देणाऱ्या प्राण्याची ती वाढ आहे, आणि ती ज्यांनीं आरंभिली त्यांपैकीं कित्येकांनीं फळ पाहिलें नसेल. आंबा लावणाऱ्या कोंकणी माणसाला हा हिशेब परका नाहीं.

परततांना अंधार पडला होता. रस्त्याच्या कडेला एक वॉम्बॅट मोटारीखालीं सांपडून मरून पडलेला दिसला. जावयांनीं गाडी थांबवली. कन्या झोळींतलें मूल आईच्या हातीं देऊन विजेरी घेऊन उतरली, जवळ गेली आणि लगेच परत आली. “कुणीतरी आधींच पाहून गेलंय, अण्णा,” ती म्हणाली. तेव्हां मला त्या देशांतील एक रीत कळली. आई मेली तरी पिशवींतलें पिलूं जिवंत असूं शकतें. म्हणून मेलेली मादी दिसली तर लोक थांबतात, पिशवींत पाहतात, आणि पिलूं मिळाल्यास तें वाढवणाऱ्या स्वयंसेवकांकडे पोहोंचवतात. मागून येणाऱ्याला पुन्हां थांबावें लागूं नये म्हणून कलेवरावर रंगानें खूण करून ठेवतात. तशी खूण त्या वॉम्बॅटवर होती. त्या निर्जन रस्त्यावर, कडाक्याच्या थंडींत, कोणीएक अनोळखी मनुष्य आमच्या आधीं उतरून त्या मेलेल्या आईच्या पोटाशीं हात घालून गेला होता.

ह्याच्या उलट गोष्टहि त्याच वर्षीं घडली होती. २०२५ च्या मार्चांत, आमचा नातू जन्मला त्याच सुमारास, अमेरिकेहून आलेल्या एका बाईनें रस्त्याकडेचें एक पिलूं आईपासून उचलून, तें ओरडत असतां आणि आई मागें धांवत असतां, त्याचें चलच्चित्र काढवून घेतलें आणि जगाला दाखवलें. सारा देश खवळला व ती बाई देश सोडून गेली. पिलूं उचलण्याचा मोह गोजिरेपणामुळेंच होतो. पण आईच्या मागचें पिलूं उचलणें आणि मेलेल्या आईच्या पिशवींत पिलूं शोधणें, ह्या दोहोंमध्यें प्रेम कोठें आहे हें आठ वर्षांच्या नातीलाहि कळलें.

आतां मला झोप कां आली नाहीं तें सांगतों. सुमारें दहा वर्षांपूर्वीं आमच्या आगरांत साळिंदर शिरूं लागलें. पोफळीचीं रोपें आणि सुरण, करांदे रोज उकरलेले दिसत. गडगा दोनदां नीट केला. पुन्हां त्याच जागीं दगड ढांसळलेले. शेवटीं मीं गड्याला सांगून बिळाचीं तोंडें बुजवलीं आणि एका तोंडांतून मिरच्यांचा धूर सोडावयास लावला. मीं स्वतः उभा राहून तें काम करून घेतलें. तिसऱ्या दिवशीं खणून पाहिलें तेव्हां आंत एक मोठें साळिंदर आणि त्याला चिकटून दोन पिलें मेलेलीं होतीं. मीं स्नान केलें, संध्या केली, आणि कोणाशीं न बोलतां जेवलों. बिळांत पिलें असतील काय, हें आधीं पाहण्याचें मला सुचलें नव्हतें. ज्याला पाहण्याचें सुचलें त्याची रंगाची खूण मीं त्या रात्रीं परदेशांत रस्त्याच्या कडेला पाहिली.

कित्येक वाचक विचारतील, “गुरुजी, तिकडचा वॉम्बॅट जगला काय अन् मेला काय, आपल्याला त्याचें काय?” एक उत्तर शास्त्राचें आहे. वॉम्बॅटचीं बिळें लांबच लांब असतात, आणि तीं एकट्या त्याच्याच उपयोगाचीं नसतात. २०१९-२० च्या भयंकर वणव्यांच्या वेळीं, वॉम्बॅटनें इतर प्राण्यांना हांकून आपल्या बिळांत आणलें अशी कथा जगभर पसरली होती. ती खरी नव्हे. तो एवढा परोपकारी नाहीं. परंतु न्यू साउथ वेल्समधील वूमरगामा राष्ट्रीय उद्यानांत संशोधकांनीं बिळांपाशीं कॅमेरे लावले, आणि २०२४ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलें कीं वणव्यानंतर रानउंदीर, घोरपडी, पांखरें असे नाना जीव त्या बिळांचा आसरा घेत होते; बिळांत सांठलेलें पाणीहि पीत होते. त्याची उकराउकर जमिनीचीहि उलथापालथ करते. म्हणजे ज्याला आपण भोंक म्हणतों, तें संकटकाळीं दुसऱ्याचें घर ठरतें.

दुसरें उत्तर नात्याचें. फार प्राचीन काळीं ऑस्ट्रेलिया आणि हिंदुस्थान एकाच भूखंडाचे भाग होते. त्या भूखंडाला शास्त्रज्ञ गोंडवन म्हणतात, आणि तें नांव आपल्या गोंड लोकांच्या मुलुखावरून पडलें आहे. चंद्रपूर त्यांच्याच राजांची राजधानी. घर विभक्त होऊन कोट्यवधि वर्षें लोटलीं, पण मूळ पुरुषाचें नांव अद्यापि एकच आहे.

तिसरें उत्तर माझ्यापुरतें आहे, आणि तें मला अधिक खरें वाटतें. निरुपयोगी, कुरूप, वाटेंत येणाऱ्या जिवाशीं मनुष्य कसा वागतो, ह्यावरून त्या मनुष्याची परीक्षा होते. आणि त्या परीक्षेंत मी एकदां नापास झालों आहें.

भाद्रपदांत घरीं परतलों. पावसानें गडगा पुन्हां त्याच जागीं ढांसळला होता. म्हणजे दुसरें एखादें साळिंदर त्या वाटेनें येऊं लागलें होतें. ह्या वेळीं पोफळीच्या रोपांभोंवतीं जमिनींत हातभर पुरून जाळी बसवून घेतली, सुरणाच्या वाफ्यालाहि तशीच. गडग्यांतील ती जागा मात्र गड्याला दगड लावून नीट चौकोनी करावयास सांगितली आणि वाट मोकळी ठेवली. फळी टांगण्याची गरज नव्हती. आमच्याकडे सशांचा तसा उपद्रव नाहीं. गडी तोंड फिरवून हंसला. “गुरुजी, चोराला दार?” तो म्हणाला. मीं त्याला म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली. त्याला ती पटली असें वाटलें नाहीं. पण दगड त्यानें मन लावून बसवले. दोन रोपें तरीहि गेलीं. तीं मीं खर्चीं टाकलीं.

आश्विनांत एके सकाळीं त्या वाटेवर साळिंदराचा एक काटा पडलेला सांपडला. काळा-पांढरा, वीतभर लांब. नातीला पाठवावा असें मनांत आलें. पण असल्या वस्तु त्या देशांत जाऊं देत नाहींत, आणि तें योग्यच आहे. तेव्हां काटा होता तेथेंच ठेवून मुलाकडून त्याचें छायाचित्र काढवून घेतलें व तिकडे धाडलें. संध्याकाळीं तिचा दूरध्वनि आला.

“आजोबा, हापण बिलेशयच ना?”

“होय,” मीं म्हटलें.

“मग त्याला दार केलंत?”

“केलें, बाळ,” मीं सांगितलें. “जरा उशीर झाला.”